पाणी पुन्हा भरेल का? : मुलांची भीती आणि मोठ्यांची उत्तरे

चिपळुणात जुलै महिना लागला आणि सलग दोन रात्री पाऊस कोसळला, की घराघरांत एक प्रश्न उभा राहतो : “पाणी पुन्हा भरेल का?” मोठी माणसे तो एकमेकांना विचारतात तेव्हा बोलणे लगेच तपशिलावर येते. भरती किती वाजता आहे, वाशिष्ठीची पातळी किती, कोळकेवाडीतून किती पाणी सुटते आहे, गाड्या वरच्या रस्त्याला नेऊन लावायच्या का. हाच प्रश्न सात-आठ वर्षांचे मूल विचारते तेव्हा मात्र उत्तर फार आखूड असते. “छे, काही होत नाही. झोप तू.”

हे उत्तर मायेपोटी दिलेले असते, याबद्दल शंका नाही. पण मूल झोपत नाही. ते कूस बदलते, पागोळ्यांचा आवाज ऐकत राहते आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारते. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. पालकांशी बोलताना हे वर्णन मी इतक्या घरांतून ऐकले आहे, की त्यामागचे कारण नीट शोधावे असे वाटू लागले. मुलांच्या भावनांना समजुतीने प्रतिसाद द्यावा, हा उपदेश आता सर्वांच्या तोंडी आहे. पण ज्या गावात मुलाची भीती खरी ठरू शकते, तिथे समजूत म्हणजे नेमके काय करायचे?

भीतीला आधार असतो तेव्हा

२२ जुलै २०२१ रोजी पहाटेपासून वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. बाजारपेठ, चिंचनाका, बसस्थानकाचा परिसर पाण्याखाली गेला. काही भागांत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. वीज गेली, मोबाइल मुके झाले. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या अनेकांनी त्या पाण्याची खूण मनात धरून सामान तिच्या वर रचले होते. कित्येक ठिकाणी पाण्याने ती खूणही ओलांडली. करोनामुळे तेव्हा लहान मुलांची शाळा फोनवर भरत होती. ज्या घरात फोन बुडाला, तिथे शाळाही बुडाली.

त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २ जुलै २०१९ च्या रात्री, याच तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. म्हणजे २०२१ साली सात-आठ वर्षांच्या असलेल्या इथल्या मुलाने शहाणपण येण्याच्या वयात ‘पाणी माणसे नेते’ हे दोनदा ऐकले, आणि त्यातले एकदा कदाचित डोळ्यांनी पाहिले.

भूगोलही या भीतीच्या बाजूने उभा आहे. वाशिष्ठी सह्याद्रीवरून उतरते आणि दाभोळच्या खाडीला मिळते. कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीनंतर पश्चिमेकडे येणारे पाणी याच नदीत येते. घाटात पाऊस आणि खाडीत भरती अशी गाठ पडली, की शहरातल्या पाण्याला वाट उरत नाही. पुरानंतर नदीतला गाळ काढण्यासाठी गावाने आंदोलन केले, गाळ निघूही लागला. नकाशावर पूररेषा आखल्या गेल्या आणि त्यावरून वादही झाले. हे सगळे मुलांच्या देखत, जेवताना, ओटीवर बसून बोलले गेले. मुले कान मिटून घेत नाहीत.

अशा मुलाला आपण “काही होत नाही” म्हणतो तेव्हा त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात. एक, आपण पाहिले ते तितकेसे खरे नव्हते असे मानायचे आणि स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास कमी करायचा. दुसरी, आपण पाहिले ते खरेच होते, फक्त मोठ्यांशी ते बोलता येत नाही, असे समजून गप्प बसायचे. बहुतेक मुले दुसरी वाट धरतात. मग आपण म्हणतो, “विसरला तो. मुले लवकर विसरतात.”

मोठ्यांच्या दुःखाशी आपण असे वागत नाही. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झाले. २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांनी त्याच्या ग्रंथसंपदेचे नुकसान केले. भिजून फुगलेली पुस्तके पाहून माणसे हळहळली, तेव्हा त्यांना कोणी “कागदच तर होते, नवे आणू” असे म्हटले नाही. त्याच आठवड्यात चिखलात गेलेल्या रंगपेटीसाठी रडणाऱ्या मुलीला मात्र घरोघरी हेच ऐकावे लागले : “रंगपेटीच ना? नवीन आणू.” नुकसान लहान होते हे खरे, पण तिच्याजवळ जे होते त्यातले ते सगळ्यात मोठे होते.

शब्दाचा घोळ

या गुणाला मराठीत काय म्हणावे, इथूनच अडचण सुरू होते. ‘सहानुभूती’ हा शब्द आपण इतका वापरला, की तो ‘दाखवण्याची’ वस्तू होऊन बसला. त्यात वरून खाली पाहण्याचा, ‘बिच्चारा’ म्हणण्याचा सूर आला. म्हणून मानसशास्त्राची मराठी पुस्तके ‘समानुभूती’ किंवा ‘तदनुभूती’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांच्या यादीतही ती आहे. अर्थ सोपा आहे : समोरच्याला आत्ता काय वाटते आहे ते त्याच्या जागेवरून समजून घेणे, आणि आपल्याला ते समजले आहे हे त्याला कळू देणे. दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. मनातल्या मनात कळवळणारी आई मुलाला दिसत नाही, त्याला तिचे वाक्य ऐकू येते.

शास्त्रीय शब्द नवे असले तरी भावनांची बारीक नावे मराठीत कमी नाहीत. मूल हिरमुसते, खट्टू होते, रुसते, वरमते, ओशाळते, भेदरते, कावरेबावरे होते. कशाचा तरी धसका घेते. कोणाच्या वाटेकडे डोळे लावून त्याचा जीव टांगणीला लागतो. इतके सगळे हाताशी असताना आपण मुलांशी बोलताना दोनच शब्द वापरतो, ‘राग’ आणि ‘रडू’, आणि तेही नकारात : “राग नको, रडू नको.”

नाव देण्याने फरक पडतो का, याचा थोडा पुरावा आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ माणसांना राग, भीती असे भाव असलेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखवली. त्या भावाला शब्दाने नाव द्यायला सांगितले, तेव्हा मेंदूतील अमिग्डाला या धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, तो जसाच्या तसा मुलांना लावता येणार नाही. पण आजीच्या “धसका घेतलाय पोरानं” या वाक्याने घरातले वातावरण का सैलावते, याची थोडी कल्पना त्यावरून येते.

आजीचा विषय निघाला म्हणून सांगते. मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढण्याच्या प्रथेकडे मी श्रद्धेच्या अंगाने पाहत नाही. तिच्यातले बोलणे मात्र मला महत्त्वाचे वाटते. दृष्ट काढताना आजी मुलाला “तुला काही झालेलं नाही” असे म्हणत नाही. “झालंय खरं काहीतरी, ये, बस माझ्यापुढे” असेच ती म्हणत असते. मुलाची अवस्था आधी मान्य होते, कोणीतरी दोन मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहते, मग उपाय होतो. क्रम बरोबर आहे.

हा विचार आला कुठून

पाश्चात्त्य देशांत पालकांना ही गोष्ट सोप्या भाषेत सांगणाऱ्यांत हाइम गिनॉट यांचे नाव आधी घ्यावे लागते. इस्रायलमध्ये शिक्षक आणि पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ असलेल्या गिनॉट यांचे पालकांसाठीचे पुस्तक १९६५ साली आले. त्यांच्या मांडणीचा गाभा एका भेदात आहे : भावना आणि वर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भावना कोणतीही असो, ती मान्य करायची. वर्तनाला मात्र मर्यादा घालायची. त्यांच्या पालकगटात शिकलेल्या ॲडेल फेबर आणि इलेन माझलिश यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकातून हाच विचार जगभर पोहोचवला.

नव्वदच्या दशकात जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांनी ५६ कुटुंबांचा अभ्यास केला. मुले शाळापूर्व वयाची असताना त्यांनी आईवडिलांना स्वतःच्या आणि मुलांच्या राग-दुःखाविषयी काय वाटते ते विचारले, आणि मुले आठ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिले. मुलाची भावना ओळखून तिला नाव देणाऱ्या आणि त्यातून वाट काढायला मदत करणाऱ्या पालकांची मुले अभ्यासात आणि मैत्रीत पुढे होती, त्यांचे आजारपणही कमी होते. कुटुंबे थोडी आणि अमेरिकेतली, त्यामुळे निष्कर्ष जपूनच घ्यायला हवा. पण दिशा स्पष्ट आहे.

आपल्याकडे हा विचार आयात झाला असे मात्र मानू नये. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापला, तेव्हा गिनॉट चार वर्षांचे होते. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने काम उभे केले. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडीची कल्पना तिथली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ‘मूल का येत नाही’ म्हणून रागावण्याऐवजी मूल कुठे आहे ते पाहून तिथे जायचे, हे त्यांचे सूत्र मला समानुभूतीची सर्वांत सोपी व्याख्या वाटते. भावनेच्या बाबतीतही मुलाच्या अंगणात आपणच जायचे असते.

कोकणातल्याच एका आईचे उदाहरण वाचकांना आठवेल. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त श्याम पोहायला भितो आणि लपून बसतो, तेव्हा आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. पुढे त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. पालगड दापोली तालुक्यातले, पाण्याशी गाठ असलेले. मुलाला पोहता आले पाहिजे ही तिची काळजी योग्यच होती. मायाही अपार होती. त्या काळच्या रीतीत फक्त एक पायरी नव्हती : भीती आधी ऐकून घेण्याची. आज ती पायरी आपल्याला घालता येते, आणि पोहणेही शिकवता येते.

संकासुर आणि महापूर

सगळ्या भीती सारख्या नसतात, हा मुद्दा पालकांच्या बैठकीत समजावताना मला शिमगा उपयोगी पडतो. आमच्या भागात शिमग्यात संकासुर येतो. काळे कपडे, तोंडावर मुखवटा, कमरेला घुंगरू. लहान मूल त्याला पाहून किंचाळते आणि मोठे हसतात. कोणी तर मुलाला उचलून त्याच्या पुढ्यात धरतो, “घाबरतोस काय रे त्याला? आपलाच माणूस आहे.” मूल अधिकच घट्ट बिलगते.

इथे पहिली पायरी अशी : “दचकलास ना एकदम? केवढा काळा दिसतोय तो.” इतकेच. मुलाला कडेवर घेऊन लांबून पाहू द्यायचे. दुसरी पायरी त्यानंतर : मुखवट्यामागे माणूस आहे, हे त्याला सावकाश, त्याच्या गतीने कळू द्यायचे. पुढच्या वर्षी तोच मुलगा संकासुरामागे धावतो.

पुराच्या भीतीत पहिली पायरी तीच आहे : “पाऊस वाढला की तुला तो दिवस आठवतो ना?” दुसरी पायरी मात्र वेगळी, कारण इथे मुखवटा काढून दाखवता येत नाही. आत खरोखर नदी आहे. म्हणून इथे धीराच्या शब्दांना माहिती आणि तयारी यांची जोड लागते. दोन्हींकडे पहिली पायरी गाळली, तर दुसरी लागू पडत नाही. ज्याचे म्हणणेच कोणी ऐकले नाही, ते मूल आपली माहिती तरी कशाला ऐकेल?

मान्य भावना, अमान्य वर्तन

“असं सगळं मान्य करत बसलो तर मुलं डोक्यावर बसतील,” ही शंका पालक हमखास काढतात. शंका रास्त आहे, आणि गिनॉट यांच्या भेदात तिचे उत्तर आहे. पुरानंतर कित्येक घरांत मुले चिडखोर झाली. समजा, मोठ्या मुलाने धाकट्या बहिणीला ढकलले. “लहान बहिणीला मारतोस? लाज नाही वाटत?” असे म्हटले, तर वर्तनासोबत भावनेलाही फटका बसतो. “तिला समजतच नाही, जाऊ दे” म्हटले, तर वर्तनालाही मोकळीक मिळते. तिसरे बोलणे असे असू शकते : “मी तिला ढकलू देणार नाही.” आधी हात धरायचा. मग : “तुझा राग राग होतोय. तुझी खोली गेली, खेळायला जागा नाही, आणि त्यात ती सारखी मध्ये येते. मला येऊन सांग, पण हात उगारायचा नाही.” मर्यादा तितकीच कडक राहते. मुलाची अब्रू मात्र शाबूत राहते.

दुसरी चूक उलट दिशेची असते. समजूतदार पालक मुलाला सारखे विचारू लागतात : “सांग ना, काय वाटलं तुला तेव्हा? सगळं सांग.” आपत्तीतून गेलेल्या माणसाला लगेच सगळा प्रसंग पुन्हा सांगायला लावल्याने फायदा होत नाही, असे या विषयावरील अभ्यासांच्या आढाव्यात दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तीनच कामे सांगते : पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे गरज काय ते पाहायचे, माणूस बोलेल ते ऐकायचे, आणि हव्या त्या मदतीशी त्याची गाठ घालून द्यायची. बोलते करण्याचा आग्रह त्यात नाही.

मुले बोलतात ती बहुधा खेळातून. पुरानंतर आमच्याकडची मुले पूर-पूर खेळत. पलंग ही होडी, जमीन हे पाणी, एक जण दोरी टाकणार. मोठ्यांना ते अभद्र वाटे, “नको ते खेळू नका” म्हणून खेळ मोडला जाई. वास्तविक त्या खेळात मूल तोच दिवस पुन्हा जगते, पण या वेळी दोरी त्याच्या हातात असते. आपण जवळ बसावे, बोलावले तर होडीत चढावे. काळजी करावी ती वेगळ्या खुणांची : झोपेतून दचकून उठणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, आईचा पदर क्षणभरही न सोडणे, शाळेला जायलाच नकार. हे महिनाभरानंतरही ओसरले नाही, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटण्यात कमीपणा नाही.

थकलेल्या आईबापांचे काय

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. ज्याचे दुकान बुडाले, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्या बापाने रात्री बारा वाजता मुलाची भीती ऐकून घ्यायची तरी कशी? तो स्वतः पावसाच्या आवाजाने जागा आहे. “काही होत नाही” हे वाक्य पुष्कळदा त्याने स्वतःलाच सांगितलेले असते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी सत्तरच्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईला त्यांनी थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळाने हसून, हात पसरून, ओरडून तिला परत आणायचा प्रयत्न केला आणि शेवटी तोंड फिरवले. हा प्रयोग पुष्कळांना ठाऊक असतो. त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक दिलासा देणारे आहे. एरवीच्या, सुखरूप मायलेकरांतही दोघांचे सूर जुळलेला वेळ जेमतेम ३० टक्के असतो. उरलेला वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवणे यात जातो, आणि नाते घट्ट होते ते या पुन्हा जुळवण्यातून. म्हणजे रात्री चिडून “गप झोप” म्हटलेल्या बापाला सकाळ उरते. “काल तू विचारत होतास, मी ऐकलं नाही. आता सांग,” एवढे पुरते. शिवाय “मलाही पावसाचा आवाज आला की थोडी धडकी भरते” हे सांगण्याने बाप लहान होत नाही. भीती वाटते आणि तरी माणूस उठून कामाला लागतो, हे मूल त्याच्याकडूनच शिकते.

मग त्या प्रश्नाचे उत्तर काय द्यायचे? ‘पाणी येणार नाही’ हे वचन देणे कोणाही आईबापाच्या हातात नाही. पाऊस, भरती आणि धरण त्यांचे ऐकत नाहीत. पाळता न येणारे वचन मोडले, की पाण्याबरोबर आईबापांचा शब्दही वाहून जातो. पण पाळता येतील अशी वचने आहेत. “येईल की नाही ते मला नक्की सांगता येणार नाही. आलं तर काय करायचं ते आपण ठरवलंय. कागदपत्रांची पिशवी माळ्यावर आहे. इशारा आला की अंधार पडायच्या आत आपण वरच्या आळीतल्या काकूंकडे जायचं. टॉर्चचे सेल बघायचं काम तुझं. आणि तू कुठल्याही वेळी एकटा नसशील.”

असे बोलणे एका घरात झाले, तेव्हा तिथल्या दुसरीतल्या मुलाने यादीत भर घातली : मांजराला टोपलीत घालायचे काम कोणाचे, हे ठरलेलेच नव्हते. ते ठरले. त्याच्या आईने सांगितले, की त्यानंतरही तो पावसात प्रश्न विचारतो. पण आता तो पाणी येईल का असे विचारत नाही, टोपली कुठे ठेवलीय ते विचारतो, आणि उत्तर मिळाले की झोपतो.